दाखवायचा साबण

आबांची काळी पत्र्याची पेटी उघडली की सर्वांत आधी साबणाचा वास येई. लाल, औषधी, किंचित कडवट वास. दवाखान्याची फरशी नुकतीच धुतलेली असते तसा. त्याच्या मागून, दाराशी थोडं थांबून मग आत यावं तसा, जुन्या लोकरीचा आणि बुटांच्या पॉलिशचा वास येई. ती पेटी आज शहापुरात माझ्या घरी खिडकीखाली आहे आणि तिच्यात नातवंडांचे स्वेटर असतात. साबण तिच्यातून बाहेर पडून तीसहून अधिक वर्षं झाली, तरी थंडीच्या आरंभी झाकण उचललं की पत्र्याच्या सांध्यांतून तो वास अजून उठतो. सून म्हणते, आई, पेटी उन्हात ठेवू या. मी म्हणते, राहू दे.

आमचं घर मुरबाडच्या पुढे, सरळगावच्या अलीकडे. कौलारू, पुढे ओटी, ओटीसमोर शेणाने सारवलेलं खळं, आणि खळ्याच्या पलीकडे भाताची खाचरं थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. माझे वडील, आबा, पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा मी दुसरीत होते. नांगर त्यांनी पुन्हा हाती धरला, पण काही सवयी त्यांना सोडून गेल्या नाहीत. दर रविवारी सकाळी ते ओटीवर बसून बूट चमकवीत. ते बूट घालून जायला गावात जागा नव्हती. चिखलात ते अनवाणी जात आणि बाजाराला चपला घालून. तरी ब्रशाचा तो एका लयीतला खसखस आवाज हीच आमच्या रविवारची पहाट होती. मग घराची पाहणी होई. आईची भांडी, माझं दप्तर, कोपऱ्यातली कोयती, दावणीचा दोर, सगळ्यांवरून आबा हात पाठीमागे बांधून चालत जात आणि तांब्याच्या बुडाशी राखेचा ठिपका सापडला तर भुवई उंचावत. आई चुलीपासून न उठता म्हणे, साहेबांची पाहणी झाली असली तर साहेबांनी विहिरीवरून दोन हंडे आणावेत. आबा टाचा जुळवून तिला सलाम करीत आणि हंडे उचलीत. फौजेत त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. घरात आई म्हणायची, आणि तेही कामाला लावताना.

पेटीतला तो साबण म्हणजे दाखवायचा साबण. हा प्रकार बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. पलटणीत दर शनिवारी जवानांच्या सामानाची तपासणी असे. खाटेवर घोंगडी घडी घालून, तिच्यावर थाळी, पाण्याचा मग, टॉवेल, दाढीचा ब्रश, सुईदोरा, साबण, सगळं एका रेषेत मांडायचं आणि खाटेशी ताठ उभं राहायचं. वापरलेली वस्तू कितीही घासली तरी वापरलेली दिसतेच. म्हणून प्रत्येक जवानाजवळ जणू दोन संसार असत, एक वापरायचा आणि एक दाखवायचा. दाखवायच्या मगातून कधी कुणी पाणी प्यालं नाही, दाखवायच्या ब्रशाला कधी फेस लागला नाही. शनिवारी ते बाहेर निघत, मिरवत, आणि पुन्हा पेटीत झोपी जात. साहेब लोकांना हे ठाऊक असे आणि जवानांना साहेबांना ठाऊक असल्याचं ठाऊक असे. आबांच्या साबणावरची ठशाची अक्षरं म्हणूनच इतकी कोरीव होती. खालच्या बाजूला मात्र एक बारीकशी फुली होती, टोकदार काहीतरी रुतवून केलेली. मी लहानपणी तिच्यावरून अंगठा फिरवीत बसे.

त्या फुलीची गोष्ट सोमाची होती. सोमा आबांचा फौजेतला दोस्त, डोळखांबच्या वर डोंगरातल्या एका पाड्यावरचा. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच बराकीत राहिले. माझ्या जन्माआधी, पूर्वेकडच्या डोंगरांत शिधा आणायला निघालेल्या गाडीवर दरड कोसळली आणि सोमा परत आला नाही. मी त्याला पाहिलं नव्हतं, तरी आमच्या घरात तो सर्वांत बोलका माणूस होता. आबा सांगत त्या सगळ्या गोष्टींत साहेबाला निरुत्तर करणारा जवान तोच असे. फौजेतलं बोलणं हिंदीत झालेलं. आबा ते आमच्या बोलीत आणून सांगत. लंगरात, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, साहेब येतात, वरणाच्या पातेल्यात पळी फिरवतात आणि विचारतात, जवान, डाळीत काही कमी आहे का. सोमा म्हणतो, बाकी सगळा ठीक हाय साहेब, फक्त डाळ कमी हाय. खेचरांच्या तबेल्यात सोमा खेचराशेजारी उभ्याउभ्या झोपलेला सापडतो. काय चाललंय, साहेब गरजतात. सोमा डोळे उघडून म्हणतो, साहेब, ह्या झोपत नवता, म्हणून याला झोपून दाखवीत होतो. आई हसता हसता पदर तोंडाला लावी. आबा स्वतः हसत नसत. सांगून झालं की ते थोडा वेळ आपल्या तळव्यांकडे पाहत, जणू गोष्ट तिथे सांडली होती.

या गोष्टी खरं तर आमच्यासाठी नव्हत्याच; आम्ही त्या फक्त जाता जाता ऐकत होतो. त्या भागीआजीसाठी होत्या. भागीआजी म्हणजे सोमाची आई. दरवर्षी भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आबा मला घेऊन तिच्याकडे जात. सरळगावहून एसटीने किन्हवली, तिथून डोळखांब, आणि पुढे दीड तास चढण. वाटेत कारवीच्या वाळल्या काड्यांचा आणि उन्हात तापलेल्या दगडाचा वास असे. तिचं घर कुडाचं, बुटकं, आतून थंड. आम्ही टेकलो की ती गुळाचा कोरा चहा करी, नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात ठेवी. सोमाविषयी चकार शब्द काढत नसे. शेताचं, पाण्याचं, कोण कामाला भिवंडीकडे गेलं, कोण परतलं, सगळं बोलून होई. मग ती हात पुसून मधल्या खांबाला टेकून बसे, पाय लांब करी, आणि आबांकडे पाहून एकच शब्द म्हणे, “सांग.”

आणि आबा सांगत. डाळीची, खेचराची, आणि शेवटी साबणाची. नवा कॅप्टन पलटणीत येतो. शनिवारी सोमाच्या खाटेशी थांबतो, साबण उचलतो, ठशाच्या अक्षरांवरून बोट फिरवतो. काही न बोलता खिशातला चाकू काढून साबणाच्या पोटाला बारीक फुली मारतो आणि पुढे जातो. चार शनिवार तो फक्त साबण उलटा करून पाहतो. पाचव्या शनिवारी विचारतो, जवान, महिनाभर आंघोळ केली नाहीस का. केली साहेब, सोमा म्हणतो. या साबणाने? नाय साहेब, सोमा म्हणतो, ह्या साबण आपल्यासाठी हाय. मी याला वापरून संपवला तर आपल्याला काय दाखवू? सगळी बराक श्वास धरून उभी राहते. आणि साहेब, आबा म्हणत, साहेब हसले. असं हसले की टोपी काढून घाम पुसावा लागला. भागीआजी इथे मान मागे टाकून हसे. तिला वरचे दोन दात नव्हते आणि ते हसू फार उघडं, फार निराधार दिसे. तिने एवढं हसलेलं मी वर्षातून त्या एका दिवशीच पाहत असे. उरलेलं वर्ष ती काय करीत असेल, हा प्रश्न मला पडायला बराच काळ जावा लागला. पेटीतला साबण सोमाचाच, आबांनी आठवण म्हणून जपलेला, असं मी धरून चालले होते. कुणी तसं म्हटलं नव्हतं. कुणी नाहीही म्हटलं नव्हतं.

मी दहावीत असताना, झोडणीच्याच दिवसांत, पुण्याहून एक पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, मजकूर चार ओळींचा. गोष्टीतले ते कॅप्टन साहेब कर्नल होऊन निवृत्त झाले होते. आपल्या हाताखाली असताना गेलेल्या जवानांच्या घरी ते एकेक करून जात होते. सोमाच्या आईला भेटायचं आहे, वाट तू दाखवशील का, असं त्यांनी आबांना विचारलं होतं. मी आनंदाने ते कार्ड मोठ्याने वाचलं. गोष्टीतला माणूस आपल्या ओटीवर येणार होता. आबांनी कार्ड माझ्या हातून घेतलं, खिशात ठेवलं आणि खळ्यावर जाऊन झोडपलेल्याच पेंढ्या पुन्हा झोडू लागले.

चार दिवस, मध्ये रविवार येऊनही, घरात ब्रशाचा आवाज नाही, पाहणी नाही, गोष्ट नाही. पाचव्या दिवशी जेवताना आईने ताटात भात वाढता वाढता विचारलं, साहेब येतो तर त्याच्यात एवढं सुतक कशाचं. आबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, “साबणाचा सोमा बोलला नवता. मी बोललो होतो.” आई थांबली. आबा खाली पाहूनच सांगत गेले. डाळीचंही उत्तर त्यांचं, खेचराचंही त्यांचंच. सोमा साहेबापुढे मान वर करीत नसे. फार झालं तर मागच्या रांगेतून हसू दाबीत असे. आणि साहेब हसले नव्हते. साहेबांनी सात दिवस पिठ्ठू दिला होता, म्हणजे पाठीवर भरलेलं ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या, आणि छावणीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. तिसऱ्या दिवशी शिधा आणायला जाणाऱ्या गाडीवर नाव आबांचं होतं. ते छावणीत अडकले म्हणून त्यांच्या जागी सोमा गेला. निघताना मैदानावर ओझं घेऊन पळणाऱ्या आबांकडे पाहून त्याने हात हलवला, आणि तो हसत होता, कारण बराकीत दोन दिवस त्या उत्तरावरच सगळे हसत होते.

“पयल्यांदा गेलो तिच्याकडं,” आबा म्हणाले, “तर हेच सांगाया गेलो होतो. तिनं भाकर वाढली नि म्हनाली, सांग, माझा पोऱ्या तिकडं कसा होता. माझ्या तोंडून डाळीची गोष्ट निघाली. ती हसली. मग मला माघारी फिरता आला नाय.” आईने आबांच्या भातावर पुन्हा थोडं वरण वाढलं. मग म्हणाली, आता साहेब तिच्यासमोर बसून खरं काय ते बोलेल, तेव्हा ती बाई तुमच्याकडे कशी बघेल याची भीती वाटते ना. आबांनी मान हलवली. मी माझ्या ताटाच्या काठाकडे पाहत होते. पेटीतला साबण आबांचाच होता. त्या फुलीवरून इतकी वर्षं अंगठा फिरवताना मी कुणाच्या अंगावरून हात फिरवीत होते, ते मला त्या क्षणी कळलं.

साहेब आले ते एका जुन्या जीपने, सकाळी. उंच, केस पांढरे, पाठ अजून सरळ. मी मनात ज्यांना इतकी वर्षं खदखदून हसताना पाहिलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याच्या सुरकुत्या नव्हत्या. आबांनी चमकवलेले बूट त्या दिवशी पहिल्यांदा पायात घातले होते. दोघांनी एकमेकांना सलाम केला, मग साहेबांनी पुढे होऊन आबांचे खांदे धरले. मी चहा घेऊन ओटीच्या दारात आले तेव्हा साहेब बाजेवर बसले होते आणि आबा समोर उभे होते, बसायला सांगूनही न बसता.

“साहेब, एक अर्ज हाय,” आबा म्हणाले.

“बोल.”

“सोमाच्या आयशीला वाटतं, साबणाचा उत्तर सोमानं दिला. नि आपण हसलात.”

साहेबांनी खळ्याकडे पाहिलं. कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. “म्हणजे तिथे जाऊन मी खोटी साक्ष द्यायची.”

“जेवढी वर्सां आपल्या हाताखाली होतो, तेवढी मी आपल्यापुढं खोटा बोललो, साहेब. आज एक दिवस आपण माझ्यासाठी बोला.”

साहेबांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. “सुधारला नाहीस.”

“नाय, साहेब.”

मग साहेबांनी जे सांगितलं ते त्यांनी आबांकडे न पाहता, आपल्या गुडघ्यांशी बोलावं तसं सांगितलं. त्या शनिवारी त्यांना हसू आलं होतं. पलटणीत ते नवे होते, सुभेदार शेजारी उभे होते, आणि एका जवानाच्या बोलण्यावर हसलो तर उद्या कुणी ऐकणार नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी आतून गाल चावून धरला, इतका की तोंडात रक्ताची चव आली. आणि ते हसू कुठेतरी घालवायचं म्हणून त्यांनी शिक्षा गरजेपेक्षा मोठ्या आवाजात सुनावली. “हसलो असतो,” ते म्हणाले, “तर तू गाडीत असतास.” आबा म्हणाले, होय साहेब. माझ्या हातातल्या कपांमध्ये चहावर साय धरली. दोन माणसांनी एकच ओझं दोन वेगवेगळ्या गावी, एकमेकांना न कळवता, इतकी वर्षं वाहिलेलं असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पुढे आयुष्यभर मी कविता वाचल्या, वर्गात शिकवल्या. दोन ओळींमधली शांतता मुलांना समजावताना माझ्या डोळ्यांपुढे ती ओटी येत असे.

पाड्यावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं. चढणीवर साहेब दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा आबा त्यांच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून उभे राहिले. भागीआजीने साहेबांना खाटेवर बसवलं, आपण खाली चटईवर बसली. नेहमीसारखा चहा झाला, भाकरी झाली. साहेबांनी आणलेली शाल तिने घडी न मोडता मांडीवर ठेवली. तिने त्यांना मुलंबाळं विचारली, गुडघे दुखतात का ते विचारलं. मग हात पुसून ती खांबाला टेकली, पाय लांब केले आणि साहेबांकडे पाहून म्हणाली, “माझा पोऱ्या तुमाला लय तरास देत होता म्हनं. त्या साबनाचा सांग.” तिच्या बोलीत आदराने हाक मारायची तेव्हाही शेवटी एकवचनच येत असे. आबा अवघडून हलले. साहेब मात्र ताठ बसले. आज्ञा त्यांनी जन्मभर वरून घेतल्या होत्या. ही खालून, चटईवरून आली होती, आणि ती मोडण्याची त्यांची हिंमत नव्हती.

त्यांनी सांगितलं. आबांइतकं रंगवून नाही, थोडं अडखळत. पण प्रत्येक ठिकाणी सोमाचं नाव घेतलं. चाकू, फुली, चार शनिवार. “आणि तो म्हणाला, हा साबण आपल्यासाठी आहे, साहेब. वापरून संपवला तर आपल्याला काय दाखवू?” इथे ते थांबले, आणि त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग छातीतून, मग त्यांनी चेहऱ्यावर हात धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. आबांच्या गोष्टीत ते हसू वर्षानुवर्षं येत होतं. घडत होतं ते पहिल्यांदा. भागीआजी हसली, तिचं पाहून मी हसले, आबाही हसले, आणि साहेबांचं हसणं कधी संपलं आणि रडणं कधी सुरू झालं ते आम्हाला कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

भागीआजी तेव्हा उठली. आतल्या अंधारातून तिने पत्र्याची एक पेटी ओढत आणली, आबांच्या पेटीसारखीच, फक्त गंज चढलेली. झाकण उघडलं आणि माझ्या नाकाशी आमच्या घराचा वास आला. एका मऊ फडक्यातून तिने लाल साबण काढला. त्यावरची अक्षरं कोरीव होती. “तो गेल्यावर पेटी आली, तिच्यात व्हता,” ती म्हणाली.

आबांचा चेहरा मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. प्रत्येक जवानाजवळ एक दाखवायचा साबण असे. शनिवारमागून शनिवार खाटेवर स्वतः तो मांडणारा हा माणूस, आणि सोमाजवळही तसाच साबण असणार, तो त्याच्या सामानाबरोबर त्याच्या आईकडे येणार, एवढी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. गोष्ट सांगताना ते दरवर्षी फुली तेवढी न चुकता मारीत आले होते. साहेबांनी साबण ओंजळीत घेतला, डोळ्यांना पाणी असल्याने त्यांना काही दिसलं नसावं, आणि जवळ बसलेल्या माझ्या हातात दिला. मी तो उलटा केला. पोट नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत होतं.

“बघ गो इंदे,” भागीआजी म्हणाली. ती माझ्याकडेच पाहत होती. “फुली हाय ना तिथं? माझी बोटां कामानं जाड झाली. मला लागत नाय.”

सगळ्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्या सपाट जागेवरून अंगठा फिरवला, जिथे काहीच नव्हतं. “आहे, आजी,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “तुला लागली म्हंजे असंल,” ती म्हणाली, आणि साबण माझ्याकडून घेऊन फडक्यात गुंडाळला, हळूहळू, चारही टोकं आत घेत.

उतरताना आबांनी माझा हात धरला. मी मोठी झाल्यापासून त्यांनी तो धरला नव्हता. जीपपाशी साहेबांनी मला नाव विचारलं, कोणत्या वर्गात आहेस ते विचारलं, आणि आणखी काही विचारायचं असल्यासारखे थांबून मग गाडीत बसले. पुढे प्रत्येक दिवाळीला त्यांचं कार्ड येई. एका दिवाळीला आलं नाही. आबा पाड्यावर जात राहिले. भागीआजी खांबाला टेकून “सांग” म्हणे आणि आबा डाळीची सांगत, खेचराची सांगत. साबणाची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही आणि तिनेही ती पुन्हा मागितली नाही. मी शिकायला कल्याणला गेले, शिक्षिका झाले, शहापुरात संसार मांडला. त्या ‘आहे’चं वजन मात्र कमी झालं नाही. ती दयेने बोललेली गोष्ट होती, असं मी स्वतःला समजावीत असे. मग वाटे, दया तरी कुणावर. आजीवर, की आबांवर, की ज्या घरात त्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले त्या घरावर.

आबांचं छातीचं दुखणं वाढलं त्या हिवाळ्यात त्यांनी पेटी जवळ ओढायला सांगितली. साबण काढून माझ्या हातात ठेवला. भागीआईला नेऊन दे, म्हणाले, आणि काही लपवू नको. मला जमलं नाही, असंही म्हणाले. झोडणीच्या दिवसांत ते गेले, आणि त्या वर्षी मी एकटी डोळखांबची चढण चढले. वाटभर मी वाक्यं जुळवीत होते. शब्द नीट ओळीत कसे लावायचे एवढंच मला आयुष्यात येत होतं, आणि दारात पोहोचेपर्यंत त्यांतला एकही जागेवर राहिला नाही.

भागीआजीला तेव्हा डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. आवाजावरून तिने मला ओळखलं. आबा गेल्याचं तिला कळलं होतं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि चहाला उठू लागली, तशी मी तिला बसवलं. साबण तिच्या हातात दिला. तिने आधी तो नाकाशी नेला. मग उलटा केला, आणि अंगठा जाऊन थेट तिथे थांबला. जाड झालेल्या, भेगाळलेल्या त्या बोटाला फुली लगेच लागली. “ही व्हय,” ती म्हणाली, “ही खरी.”

मी सांगितलं. उत्तर कुणाचं होतं ते, साहेब हसले नव्हते ते, पिठ्ठू, गाडीवरचं नाव, मैदानावरून पाहिलेला हात. त्या दिवशी मला काहीच लागलं नव्हतं, हेही. शेजारच्या घरी कुणी उखळात कांडत होतं; मुसळाचा ठोका पडे, थांबे, पुन्हा पडे. माझं संपलं तरी ती तशीच बसून राहिली, अंगठा फुलीवर. मला वाटलं, ती आता मला जायला सांगेल, आणि ते योग्यच होईल.

“त्याची पेटी ओढ,” ती शेवटी म्हणाली. मी सोमाची पेटी आणली. तिने फडकं सोडून दुसरा साबण काढला आणि दोन्ही साबण आपल्या गोधडीवर शेजारी शेजारी ठेवले. चाचपून चाचपून त्यांच्या कडा एका रेषेत आणल्या. “माझा सोमा बोलनारा नवताच गो,” ती म्हणाली. “घरात मीठ मागायचा झाला तरी लाजायचा.”

मग इतकी वर्षं, मी म्हणू लागले. तिने माझ्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही हात लुगड्याला पुसले, सरकत मागे जाऊन खांबाला पाठ लावली, पाय लांब केले. न दिसणारे डोळे तिने माझ्या दिशेने वळवले, जिथे दरवर्षी आबा बसत तिथे आता मी बसले होते, आणि म्हणाली, “सांग.”